उंबरदांडच्या पडवीत सरकार

५ जुलै, शहापूर

आज दुपारी तहसीलदार साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि समोर बसायला सांगितलं. तेव्हाच कळलं, काहीतरी मोठं आहे.

"वेखंडे, उपमुख्यमंत्री संध्याताई येतायत. शहापूर आणि मुरबाड, पावसाळी आढावा दौरा. संपर्क अधिकारी म्हणून तुमचं नाव गेलंय."

नायब तहसीलदार होऊन मला अजून वर्षही झालेलं नाही. अख्ख्या राज्यात मुख्यमंत्र्यांच्या खालोखाल ज्यांचा मान, त्यांच्या सोबत मी चालणार! केबिनमधून बाहेर पडलो तो जिना कधी उतरलो तेही कळलं नाही.

घरी बायकोला, शीतलला, सांगितलं. ती आरोग्य केंद्रात नर्स आहे, तिला कशाचं लवकर अप्रूप वाटत नाही.

"म्हणजे नक्की करायचं काय?"

"उपमुख्यमंत्री गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत सोबत राहायचं. काय हवं-नको ते बघायचं."

"माझंच काम की. पेशंट तेवढा मोठा."

संध्याकाळी मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून एका साहेबांचा फोन आला. थेट मला! आवाज फार गोड. म्हणाले, "संध्याताई कुठे गेल्या, कोणाला भेटल्या, काय बोलल्या, एवढं रोज संध्याकाळी मला कळवत जा. ताईंना सांगायची गरज नाही. त्यांच्या डोक्याला आणखी कशाला ताप?" एवढ्या वरच्या जागी बसलेली माणसं आपल्या सहकाऱ्यांची किती बारकाईने काळजी घेतात.

६ जुलै

आसनगावच्या पुलाजवळ आम्ही उभे होतो. पुढे पायलट गाडी, मागे पांढऱ्या गाड्यांची रांग. हायवेवरचे कंटेनर कडेला थांबवले होते. एका माणसासाठी एवढा मोठा रस्ता गप्प होतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. अंगावर काटा आला.

मधल्या गाडीतून उतरलेल्या बाई माझ्या मावशीएवढ्या होत्या. सुती साडी, पावसाळी चपला, केसांचा लहानसा अंबाडा. संध्याताई उबाळे. मुरबाड तालुक्यातल्या बौद्धवाडीत जन्म, आई दुसऱ्यांच्या शेतावर आवणीला, म्हणजे भातलावणीला, जायची, या शिकून कल्याण कोर्टात वकील झाल्या, मग आमदार आणि गेल्या हिवाळ्यात उपमुख्यमंत्री. हे सगळं मी पाठ केलं होतं. प्रत्यक्षात "नमस्कार मॅडम" एवढंच तोंडातून आलं, तेही दोनदा.

"मॅडम नको, ताई म्हणा. नाव काय?"

"भाविक वेखंडे. इथल्याच शेणव्याचा."

"म्हणजे घरचेच."

भातसानगरला, धरणापाशी, आढावा बैठक झाली. त्या आत शिरल्या आणि जिल्हाधिकाऱ्यांपासून सगळे खाडकन उभे राहिले. ताईंनी तासभर नुसतं ऐकून घेतलं. मग विचारलं, "धरणाच्या कडेच्या वाड्यांना मे महिन्यात पाणी कसं मिळतं?"

"टँकरने, ताई."

"टँकर कुठे भरतो?"

सगळे फायली चाळू लागले. शेवटी एक अभियंता खाली बघत म्हणाला, "धरणावरच."

त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "पाणीपुरवठा माझ्याकडे नाही, मला ठाऊक आहे. पण विचारायला काय हरकत आहे?" त्यांच्याकडे ग्रंथालयं आणि मत्स्यव्यवसाय ही खाती आहेत. एवढ्या मोठ्या पदावर असून इतकी साधी खाती आनंदाने सांभाळणं, याला मन मोठं लागतं.

परतताना आमच्या शेणव्याच्या शाळेत थांबलो. एका मुलीने हात वर केला. "मुख्यमंत्री नसले की तुम्हीच मुख्यमंत्री ना?"

ताई हसल्या. "नाही गं. ते नसले तरी त्यांचा फोन असतो."

सगळे हसले. मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू का? घटनेत मुख्यमंत्री आहे, मंत्री आहे. उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही. शपथ मी मंत्र्याची घेतली. 'उप' मागून लागलं."

"मग तुमचं काम काय?" त्या पोरीने विचारलं. मला घाम फुटला.

ताईंना मात्र राग आला नाही. त्या खरोखरच विचारात पडल्या. म्हणाल्या, "शोधतेय."

संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं. "शोधतेय" हा शब्द त्यांनी माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला.

७ जुलै

मुरबाडला सत्कार होता. हार, ढोल, फोटो. स्टेजच्या पायऱ्यांशी एक पस्तिशीचा माणूस घुसायला बघत होता. अंगावर ओलं इरलं, पाय चिखलाने भरलेले. मी त्याला अडवलं. कार्यक्रमात त्याचं नाव नव्हतं.

"सायब, दोनच शब्द बोलू द्या. डोंगर फाटलाय आमचा."

ताईंनी वरून ऐकलं. हार काढून खुर्चीवर ठेवला आणि खाली आल्या. त्याचं नाव धाऊ. डोंगरकड्याखालच्या उंबरदांड वाडीचा. गुरं चारताना त्याला वाडीच्या वर भेग दिसली होती.

"तहसीलला सांगितलं?"

"सांगितला. नोटिशी आल्या. घरं खाली करा म्हनतात. खाली करून जाव कुठं, ते कोन सांगंना."

दौऱ्यात उंबरदांड नव्हतं. ताई म्हणाल्या, "चला."

रस्ता संपला तिथे गाड्या थांबल्या. पुढे चढ. पोलीस अधिकारी धापा टाकत होते, ताई साडी खोचून धाऊच्या मागोमाग. वाडीत तीसेक घरं, कुडाच्या भिंती, वर पत्रे. वाडीच्या वर अर्धा डोंगर चढून आम्ही भेगेपाशी पोचलो.

मी आजवर भेग म्हणजे भिंतीला पडलेली बघितली होती. ही डोंगराच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत गेली होती, कारवीच्या झुडपांना मधोमध चिरत. धाऊने हातातला बांबू आत सोडला. तो कुठे टेकल्याचा आवाजच आला नाही. आतून गार हवा वर येत होती. डोंगर आपल्या पायाखाली जागा आहे आणि त्याने अजून ठरवलेलं नाही, असं मला वाटलं. मी मागे सरलो. ताई पुढे झाल्या आणि बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

खाली आल्यावर धाऊची आई बाईजा हिने ताईंना पडवीत बसवलं. सत्तरीची बाई, काठीसारखी ताठ. ताई म्हणाल्या, "मावशी, इथून हलायला हवं."

"गेल्या साली बी हाललो. शाळंत नेऊन ठेवला आमाला. परत आलो त कोंबड्या नाय, भांडी नाय. डोंगर व्हता तिथंच हाय."

"या वेळी तसं नाही."

"या डोंगराला आमी देव मानतो, बाय. देव लेकरांवर कशाला पडंल? आन आवणी अर्धी ऱ्हायलीय. सरकार येतं, बोलतं, जातं."

ताईंनी मान हलवली. वाद घातला नाही.

८ जुलै

भूगर्भशास्त्रज्ञ बाई पुण्याहून आल्या, भेग बघून खाली उतरल्या. म्हणाल्या, "पाणी भरत गेलं की सुटणार. आज, उद्या की पुढच्या वर्षी, ते मी सांगू शकत नाही." त्यांचा चेहरा मात्र सांगत होता.

वाडीला हलवायला खाली रस्त्यालगत सरकारी माळ आहे. महसूल म्हणतं, वनखात्याची हरकत आहे. वनखातं म्हणतं, महसुलाने मोजणी दिली नाही. ताईंनी विश्रामगृहातून फोनवर फोन केले. प्रत्येक जण "हो ताई, नक्की ताई" म्हणत होता. केवढा आदर!

दुपारी मुख्यमंत्री फोनवर आले. ते दिल्लीत आहेत. ताई व्हरांड्यात जाऊन बोलल्या. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो, दादा… नाही, दादा, मी कुणाच्या खात्यात… हो, ते मला कळतं… फक्त जागेचा… बरं." फोन संपल्यानंतरही त्या तो कानाला लावून तशाच पावसाकडे बघत उभ्या होत्या. मोठी माणसं विचार करताना अशीच स्तब्ध होत असावीत. मी चहा आणला होता. त्यांच्या हातात द्यायचं धाडस झालं नाही. तो गार झाला.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "त्या वाडीत पुन्हा जाऊ देऊ नकोस. परवा थेट मुंबईला परत येतील असं बघ." ताईंच्या सुरक्षेचा विचार त्यांनाच आहे, असं मी शीतलला म्हणालो.

ती भाजी चिरत होती. तिने सुरी थांबवली. "तू रोज ह्या माणसाला सांगतोस, ते ताईंना माहीत आहे?"

"त्यांना कशाला त्रास?"

ती पुन्हा भाजी चिरू लागली. शीतलला सगळ्यात राजकारण दिसतं.

१० जुलै

आजचं नीट लिहून ठेवायचं आहे. एवढं मोठं पुन्हा काही बघायला मिळेल असं वाटत नाही.

कालपासून पाऊस उघडलेला नाही. सकाळी ताफा मुंबईसाठी निघाला. मुरबाड ओलांडल्यावर ताई चालकाला म्हणाल्या, "डावीकडे घ्या." मी म्हणालो, "ताई, तो रस्ता उंबरदांडला…" त्या म्हणाल्या, "माहीत आहे."

बाईजा पडवीत कुर्डूची रानभाजी निवडत बसली होती. ताईंनी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी चटईवर मांडी घातली.

"मावशी, आज तुमच्याकडे मुक्काम करते. चालेल?"

बाईजाला हसू आलं. "ऱ्हावा की. पन तुमाला झेपंल का?"

"झेपेल. आई आवणीला यायची तेव्हा अशाच पडवीत झोपायचे मी."

सुरक्षा अधिकाऱ्यांना आधी गंमत वाटली. मग ती गंमत नाही हे कळलं. एक अधिकारी वर भेगेकडे बघून आला, तो पांढराफटक होऊन. "ताई, इथे एक मिनिटही थांबणं शक्य नाही."

"ही माणसं थांबलीत की."

मग ताईंनी मला जवळ बोलावलं. अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "भाविक, तुम्ही रोज संध्याकाळी ज्या साहेबांना फोन करता ना, त्यांना आज आत्ताच करा. सांगा, ताई दरडीखाली बसल्यात आणि उठत नाहीत."

मी थक्क झालो. त्यांना कसं कळलं? या बाईंच्या नजरेतून काहीच सुटत नाही. राग मात्र तोंडावर अजिबात नव्हता. एका टेकाडावर रेंज मिळते, तिथे धावत जाऊन मी फोन केला. साहेब पहिल्यांदा गोड बोलले नाहीत.

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. आधी तहसीलदार आले, मग प्रांतसाहेब, मग भिजलेल्या पँटचे पाय दुमडून स्वतः जिल्हाधिकारी. जिथे महिनोन् महिने तलाठी फिरकत नाही, त्या पडवीबाहेर चिखलात अख्खा जिल्हा उभा होता.

"ताई, हे प्रोटोकॉलमध्ये बसत नाही," जिल्हाधिकारी म्हणाले.

"खरंय. पण मला उठवायचा प्रोटोकॉल कुठला?"

"तुम्ही आदेश द्या, आम्ही बघतो."

"आदेश मी कसा देणार? महसूल माझ्याकडे नाही, वन नाही, मदत-पुनर्वसन नाही. मी फक्त राहतेय इथे. मी इथे असेपर्यंत माझ्या जिवाची जबाबदारी कोणाची, तेवढं तुम्ही ठरवा."

जिल्हाधिकारी फोन करायला टेकाडावर गेले. नंतर वनअधिकारी आले. त्याच पडवीत गुडघ्यावर कागद ठेवून माळाच्या जागेचा आदेश लिहिला गेला. बाईजाने मध्येच सांगितलं, "गुरांचा काय?" गुरांची सोय लिहिली. "मागं चोरी झालती." रिकाम्या घरांवर पोलीस ठेवायचं लिहिलं. ताईंनी एक शब्द सांगितला नाही. त्या कुर्डूची भाजी निवडत होत्या.

आदेशावर सही झाली. धाऊचे डोळे भरून आले. सगळे उठले. बाईजा उठली नाही.

"तुमी जावा आता, बाय. काम झाला तुमचा."

"आणि तुम्ही?"

"पोरांना न्या. मी नाय येत. नवरा माजा इथंच मेला. मी बी इथंच."

धाऊ पाया पडला. ती बधेना. आणि ती हलत नाही म्हटल्यावर इतर म्हातारी माणसंही आपापल्या दारात बसून राहिली. सुरक्षा अधिकारी कुजबुजला, "ताई, आता तरी."

"मावशी राहणार तर मीही राहणार," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात घरामागे काहीतरी गडगडत आलं. गाडीच्या चाकाएवढा दगड परसातलं केळीचं झाड मोडून थांबला. बायका किंचाळल्या. ताई जागच्या हलल्या नाहीत. पदराखाली त्यांचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले होते आणि थरथरत होते. सकाळपासून भिजल्या होत्या, गारठल्या असणार.

बाईजाने ते हात बघितले. मग तोंडाकडे बघितलं.

"तुमी खरंच नाय उठनार?"

"नाही."

"लेकरं हायत?"

"एक मुलगी आहे."

"मंग तिला मी काय सांगू? तुजी आय माज्या पडवीत मेली म्हनून सांगू?" म्हातारीचा आवाज चढला. "माज्या दारात आलेली पावनी! नाय गो बाय. माजं काय व्हायचं ते होवो, पन हे नाय व्हायचं."

ती उठली. चुलीतले निखारे तिने मडक्यात भरले, वर राख घातली, मडकं कडेवर घेतलं. मग अंगणात जाऊन ओरडली, "ए धाऊ, गुरं सोड! सगल्यांना सांग, पावनीला पोचवाया जायाचा हाय. रस्त्यापर्यंत. सगले चला!"

आणि अख्खी वाडी निघाली. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, डोक्यावर बोचकी. कोणी घर सोडतोय असं म्हणत नव्हतं. सगळे पाहुणीला पोचवायला चालले होते. पुढे बाईजा निखाऱ्यांचं मडकं घेऊन, तिच्या बाजूला पायात चपला घालायच्या विसरलेल्या उपमुख्यमंत्री. उजेड असेपर्यंत सगळे खालच्या शाळेत पोचले.

मी मागे चालत होतो. मला रडू का येत होतं ते सांगता येणार नाही.

११ जुलै

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात चहा वाटत होतो. ताई रात्री तिथेच राहिल्या. पाऊस जरा हलका झाला होता, डोंगर धुक्यातून बाहेर येत होता.

आधी पक्षी उडाले. मग पायाखालची फरशी थरथरली. मग आवाज. त्याला काय म्हणावं मला कळत नाही. तो कानाने नव्हे, छातीने ऐकला. आमच्या डोळ्यांदेखत डोंगराची एक बाजू सावकाश, अगदी घाई नसल्यासारखी, खाली उतरू लागली. झाडं उभीच्या उभी खाली येत होती. मग लाल धूळ आणि चिखलाचा लोट उठला आणि उंबरदांड होतं तिथे काही उरलं नाही.

एक कुत्रं विव्हळत होतं. बाईजाने डोंगराच्या दिशेने हात जोडले. मग वळून ताईंचे हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. ताई खांबाला टेकून खाली बसल्या. मी पाणी दिलं तर भांड्यातलं अर्धं साडीवर सांडलं.

वाडीतलं एकही माणूस गेलं नाही. घरांवर ठेवलेले पोलीसही भूगर्भशास्त्रज्ञ बाईंच्या सांगण्यावरून खालच्या वळणावर थांबले होते. ते वाचले. मी सगळ्यांची तोंडं एकेक करून बघत फिरलो. जिवंत माणसाचं तोंड इतकं आश्चर्याचं असतं, हे आजपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

१४ जुलै

मुख्यमंत्री हेलिकॉप्टरने आले. मोठा मंडप, सगळी चॅनलं. "सरकारने वेळीच निर्णय घेतला म्हणून हे प्राण वाचले," असं भाषण झालं. खरंच आहे. ताईंची खुर्ची पहिल्या रांगेत मांडली होती, ती कार्यक्रमाआधी तिसऱ्या रांगेत नेली. सुरक्षेचं काही कारण असावं. ताईंनी टाळ्या वाजवल्या. बाईजाला स्टेजवर बोलावलं तेव्हा ती आधी मागे वळून ताई कुठे आहेत ते शोधत होती. तिला पुढे नेण्यात आलं.

साहेबही आले होते. पहिल्यांदा भेटलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यामुळे सगळं वेळेवर कळत होतं. लक्षात ठेवीन." एवढ्या मोठ्या माणसाने नाव लक्षात ठेवणं म्हणजे काय!

४ ऑगस्ट

मंत्रिमंडळात फेरबदल झाले. ताईंनी पक्षाच्या कामाला वाहून घेण्यासाठी पद सोडलं, असं टीव्हीवर सांगितलं. त्या पायऱ्यांवर उभ्या होत्या, हसत होत्या. "मला पुष्कळ मिळालं," एवढंच म्हणाल्या. पद सोडतानाही किती मोकळ्या! मला तर दोन घास गेले नाहीत.

आज माझाही आदेश आला. मुंबईला, वरच्या कार्यालयात. लोक अशा नेमणुकीसाठी वर्षं काढतात. साहेबांनी शब्द पाळला.

शीतलला आदेश दाखवला. तिने वाचला आणि परत दिला.

"आनंद नाही झाला?"

"तू कशासाठी मिळालं म्हणतोस हे?"

"काम चांगलं केलं म्हणून."

"हो," ती म्हणाली. मग डबा भरता भरता म्हणाली, "त्या बाईंनी तुला कधी ओरडा दिला नाही ना रे?"

"कधीच नाही. कशाला देतील?"

ती डबा उचलून ड्युटीला निघाली. तिचं म्हणणं काय होतं ते मी दिवसभर घोळवतोय. काहीतरी हाताला लागल्यासारखं होतं आणि सुटतं.

२३ नोव्हेंबर, मुरबाड

रजा काढून आलो. माळावर उंबरदांडच्या घरांची जोती उभी राहिली आहेत. आज पहिल्या घराच्या भिंती चढवायचा मुहूर्त. धाऊने फोन केला होता. सरकारी कार्यक्रम नाही. मंडप नाही.

ताई मुरबाडहून सहा आसनी रिक्षाने आल्या. पुढे मागे कोणी नाही. रस्त्यावर उतरून सुटे पैसे शोधत होत्या. मी धावलो, काय म्हणावं सुचेना, "नमस्कार ताई" म्हणालो.

"भाविक! मुंबईला गेलास म्हणे. बरं चाललंय ना?"

मला "अहो"वरून "अरे"वर आणलं त्यांनी. आवाजात कडवटपणाचा लवलेश नव्हता. मला एकदम खाली बघावंसं वाटलं. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही.

बाईजा ताडपत्रीच्या झोपडीत चुलीपाशी होती. तिने ताईंना आपादमस्तक न्याहाळलं.

"आता तुमी कोन?"

"आता कोणी नाही, मावशी. पद गेलं."

बाईजा विचारात पडली. "मंग गाड्या नाय येनार न्याया?"

"नाही."

"पोलीस?"

"तेही नाहीत."

"बरा झाला," बाईजा म्हणाली, अगदी मनापासून. "तवा तू पान्याचा घोट बी नीट घेतला नाय गो. सारखा कोनतरी 'ताई चला, ताई चला'. आज बस निवांत. नवा भात हाय. खालच्या खाचरांना काय झाला नाय, तिथला."

उपमुख्यमंत्र्यांपुढे मी कितीतरी लोकांना वाकताना पाहिलं. हात जोडताना, हार घालताना, सलाम ठोकताना. त्यांना कोणी "तू" म्हणताना आज पहिल्यांदा ऐकलं. ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदर खोचला आणि आत जाऊन मांडी घातली. बाईजाने मडक्यातून वाफाळता भात त्यांच्या ताटात घातला, मग आणखी घातला, त्या "पुरे" म्हणाल्या तरी.

मी बाहेरच उभा होतो. आत जावं की नाही कळत नव्हतं.

"तुला काय वेगला आवतन धाडू?" बाईजा आतून ओरडली.

मी आत गेलो. ताईंनी थोडं सरकून मला जागा करून दिली.